चाचणी चार दिवस पुढे गेली तर?

ती. स्व. दादास,


परवा फोनवर तू म्हणालास, "खेळू दे की, पण अभ्यास सांभाळून." सत्काराच्या भाषणांतही हेच ऐकतो. सांभाळायचं मात्र सगळं त्या पंधरा वर्षांच्या पोरीनंच. तू मुख्याध्यापक, म्हणून तुला लिहितोय. आणि तुझ्यासारखे आणखी चारजण वाचतील म्हणून छापायलाही देतोय.

तुझ्या शाळेची ती दहावीतली खो-खोपटू. विभागीय स्पर्धेहून परतताना एसटीच्या मागच्या सीटवर बसली होती. सूर मारताना सोलवटलेल्या कोपराला पट्टी, मांडीवर मैत्रिणीची भूमितीची वही. खड्ड्यागणिक वर्तुळं वाकडी होत होती. "सर, उतरवून घेतलं, पण कळलं काहीच नाही," म्हणाली. त्या दिवसांची हजेरी काय लागली ठाऊक आहे? गैरहजर. अंगात जर्सी मात्र शाळेच्याच नावाची!

तू म्हणशील, क्रीडा सवलतीचे गुण मिळतात ना बोर्डात. मिळतात; शाळेनं प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे वेळेत धाडला तर. पण त्या गुणांनी टक्केवारी वाढते, बुडलेलं प्रमेय समजत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तिथंही त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच. कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आला. तो क्रीडा प्रबोधिनीत घडला. तिथं शाळा, वसतिगृह, मैदान या सगळ्याची एकत्र सोय असते, पण जागा मोजक्या. बाकीच्या पोरांना आपली गावातली शाळाच प्रबोधिनी. आणि त्यांतली बहुतेक कुसाळे होणार नाहीत, हे मी प्रशिक्षक असून सांगतो. म्हणून तर त्यांची भूमिती सुटता कामा नये.

1952 ला कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला धाडायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले होते. मी तुझं घर मागत नाही, वहिनी मला दारात उभं करणार नाहीत! स्पर्धेला जाणाऱ्या त्या पोरीची घटक चाचणी चार दिवस पुढे ने, एवढंच मागतो. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांमुळे पेपर हुकणाऱ्या मुलांची बोर्डाची परीक्षा नंतर घ्यायची सोय सीबीएसईनं 2018 मध्ये केली. तुझ्याकडे तर प्रश्न एका वर्गातल्या एका चाचणीचा.

"एकीला सूट दिली की सगळे मागतील," हे तुझं ठरलेलं उत्तर. मागू देत. जिल्ह्याबाहेर खेळायला जाणारी पोरं शाळेत असतात किती? आणि ही सूट नव्हे. पेपर तेवढ्याच गुणांचा, तेवढाच अवघड काढ. खेळायला गेलेल्याची हजेरी 'शाळेच्या कामावर' अशी लाव, जशी शिक्षकांची लावतोस. परत आल्यावर मधल्या सुट्टीत आठवडाभर कुणीतरी तिला बुडालेला भाग शिकवायला हवा. नुसती वही देऊन भागत नाही.

माझ्या बाजूनं सांगतो: पूर्वपरीक्षेच्या पंधरवड्यात सकाळचा सराव बंद, संध्याकाळी फक्त तासभर. स्पर्धांचं वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी तुझ्या टेबलावर.

राज्य स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. तोवर भूमितीच्या सरांशी बोलून ठेव. ते ऐकत नसतील तर मी येतो.

तुझा,
बापू