बेगमी आणि सण

वसईचा किल्ला पाहून परतताना एखाद्या दुकानात तांबड्या मण्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. त्या जपमाळा नव्हेत. ते गोव्याचे चोरीस. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांकडे होती. चोरीस हे नावही त्यांचेच. चव मात्र कोकणची. डुकराचे मांस मीठ, मिरची, लसूण आणि माडीच्या व्हिनेगरमध्ये मुरवून आतड्यात भरतात, वाळवतात, धुरी देतात. फ्रिज नव्हते तेव्हाची ही पावसाळ्याची बेगमी.

गेल्या डिसेंबरात रक्तदाबाच्या एक वृद्ध रुग्ण म्हणाल्या, “डॉक्टर, हे गेले, मुले परदेशी. आता नाताळचा चोरीस-पावही सोडू?” मी क्षणभर निरुत्तर झालो.

मांस टिकवणारे मीठच रक्तदाब वाढवते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. यातला ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. बेगमी पुरवून खायची असते. फ्रिजने ती रोजची केली.

अखेर आमच्यात वसईचा आणखी एक तह झाला: फक्त नाताळच्या सकाळी दोन मणी, भरपूर कांदा-बटाट्यात पूर्ण शिजवलेले, सुटलेली चरबी काढून, वरून मीठ न घालता, गोळी मात्र चुकवायची नाही.

जानेवारीत त्या तपासणीला आल्या. “दोनच खाल्ले, डॉक्टर,” म्हणाल्या, “एक माझा, एक ह्यांच्या वाटचा.”