दात खरखरीत, जर्नल गुळगुळीत

ऑफ सीझनला मिलचा रोलर बाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला, की त्याची दोन्ही अंगं शेजारी शेजारी दिसतात. मधलं कवच बिडाचं. त्यावर गोल फिरणारे व्ही आकाराचे दात आणि दातांवर वेल्डिंगचे टणक, ओबडधोबड थेंब. शाफ्टचा जो भाग बेअरिंगमध्ये बसतो तो जर्नल. त्यावरून नख फिरवलं तर कुठंही अडकता कामा नये. माझी सगळी नोकरी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये गेली. खरखरीत जागा खरखरीत ठेवायची आणि गुळगुळीत जागा गुळगुळीत, निम्मं काम या दोनच गोष्टींचं होतं.

आमच्या जिल्ह्याला ही यंत्रं नवी नाहीत. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, आणि १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. पुढं कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासे, श्रीगोंदे अशी कारखान्यांची रांगच लागली. आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी लेथ पहिल्यांदा पाहिला तो कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये.

आधी दातांचं सांगतो. रोलर गुळगुळीत झाला की ऊस आत ओढलाच जात नाही. वरून गरम पाणी मारलेलं, खाली रस वाहतोय, अशात लोखंडाला पकड मिळणार कुठून? रोलर जागेवर फिरत राहतो, कचरा तोंडाशी तुंबतो. रस कमी निघतो, बॉयलरात जळणारा चोथा, म्हणजे बगॅस, ओला जातो. बगॅसमध्ये एरवीही निम्मं पाणीच असतं. त्यात आणखी भर पडली की बॉयलरवाल्यांचा फोन आलाच. म्हणून कवचाला मुद्दाम जाड कणांचं बीड वापरतात. ते झिजतं तेही खरबरीतच राहून. तरी दात गुळगुळीत होतातच, कारण उसाबरोबर माती येते. दिवाळीच्या आसपास पाऊस झाला आणि काळ्या रानातला ऊस चिखलासकट आला, की आठवड्यात दातांवर चकाकी दिसायला लागते. पाथर्डीकडचे तोडणी कामगार पाचट नीट काढतात, पण ओल्या रानातून मोळी ओढून काढताना चिखल लागायचा तो लागतोच. मिलमध्ये चकाकणारा दात म्हणजे धोक्याची खूण.

त्यावर उपाय आर्किंग. मिल चालू असतानाच वेल्डर रोलरच्या बाजूला उभा राहून फिरत्या दातावर क्रोम कार्बाइडच्या रॉडचे थेंब टाकत जातो. समोर रस उडतो, वाफ डोळ्यांत जाते, तरी थेंब दाताच्या अंगावर नेमका बसला पाहिजे. आमच्याकडचा एक वेल्डर हे काम अशा लयीत करायचा की बघत राहावं. रोलर मिनिटाला चार-पाचच फेरे घेतो, त्यामुळे ते साधतं.

हाच संथपणा जर्नलच्या मुळावर येतो. मोटारीचा क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो, त्यामुळे तेल त्याच्याखाली ओढलं जाऊन शाफ्ट तेलावर तरंगतो. मिलच्या रोलरला तेवढा वेग कधीच मिळत नाही आणि वरून हायड्रॉलिकचा दाब असतो कित्येक टनांचा. तेलाचा थर इतका पातळ राहतो की दोन्ही धातूंचे उंचवटे एकमेकांना लागतात. उंचवटा शाफ्टवर असेल तर तो बेअरिंगमधला गनमेटलचा ब्रास खरवडून काढतो, कारण मऊ तोच आहे.

एका हंगामात ऐन जानेवारीत वरच्या रोलरचं एका बाजूचं बेअरिंग तापायला लागलं. ऑइलमन रात्री धावत आला. "भाऊ, ब्रासला हात सोसंना." तेल वाढवलं, हायड्रॉलिकचा दाब कमी केला, पाणी सोडलं. निथळणाऱ्या तेलात पिवळी कचकच दिसली तेव्हा मिल थांबवण्यावाचून इलाज उरला नाही. यार्डात ट्रक आणि बैलगाड्या खोळंबलेल्या. तोडलेल्या उसातली साखर तासातासानं कमी होते, त्यामुळे वरून सारखी विचारणा. कोणी म्हणालं तेल हलकं आलंय, कोणी म्हणालं रस आत गेलाय.

बेअरिंग उघडलं तर जर्नलवर खसखशीएवढे खड्डे, एका पट्ट्यात ओळीनं पडलेले. आमचे जुने टर्नर, त्यांना सगळे नाना म्हणायचे, त्यांनी नख फिरवलं आणि म्हणाले, "तेलाला बोल लावू नका रे. आर्किंगचं अर्थिंग कुठं लावलं होतं ते विचारा."

अर्थिंगचा क्लँप हेडस्टॉकला, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या मिलच्या चौकटीला, लावलेला निघाला. म्हणजे वेल्डिंगचा करंट दातातून शाफ्टमध्ये, तिथून जर्नलमध्ये, मग तेलाचा पातळ थर भेदून ब्रासमध्ये आणि हेडस्टॉकमध्ये जात होता. प्रत्येक ठिणगीला जर्नलचा एक कण वितळला, लगेच थंड झाला आणि खड्ड्याच्या भोवती कडक काठ उभा राहिला. दात खरखरीत करता करता जर्नलही खरखरीत झाला होता. अर्थिंग त्याच रोलरच्या शाफ्टला, तांब्याच्या ब्रशनं द्यायचं असतं.

नानांनी जर्नल लेथवर न्यायचा विषयच काढू दिला नाही. तेवढा वेळ नव्हता. ऑइलस्टोन घेऊन त्यांनी एकेका खड्ड्याचा काठ घासला, मग तेलातला एमरी पेपर पट्ट्यानं गुंडाळून ओढला. मी ब्रासला निळा रंग लावून टेकणाऱ्या जागा स्क्रेपरनं उतरवत होतो. खड्डे तसेच होते. मी विचारलं तर म्हणाले, "खड्डा राहू दे, त्यात तेल बसतं. काठ नको." तोच जर्नल हंगाम संपेपर्यंत चालला.

पुढं कारखान्यात खरखरीतपणा मोजायचं छोटं यंत्र आलं. हिऱ्याची सुई पृष्ठभागावरून सरकते आणि पडद्यावर आरए हा आकडा येतो, मायक्रॉनमध्ये. त्याआधी जुन्या ड्रॉइंगवरचे फिनिशचे त्रिकोण आणि आमचं नख, एवढंच होतं. यंत्राचा मला मनापासून आनंद झाला, पण आरए म्हणजे सरासरी. मधल्या रेषेपासून वर किती आणि खाली किती, सगळं एकत्र. त्यामुळे टोकं उभी असलेला पृष्ठभाग आणि माथा सपाट, मधे बारीक खाचा असलेला पृष्ठभाग, दोघांचा आकडा सारखा येऊ शकतो. पहिला ब्रास खातो, दुसरा वर्षानुवर्षं चालतो. ॲबट आणि फायरस्टोन या दोघांनी १९३३ सालीच हे आलेखानं दाखवलं होतं: किती खोलीवर किती धातू खरोखर टेकतो ते बघा. नाना तेच ऑइलस्टोननं करत होते.

जर्नल जिथं संपतो त्या गोलाईचं वेगळं आहे. तिथं हत्याराची एक आडवी रेघ राहिली तरी फेऱ्याफेऱ्याला वाकणाऱ्या शाफ्टमध्ये त्या रेघेपासून चीर सुरू होते. तिथं तेलाचा संबंध नाही, त्यामुळे खाचही चालत नाही. गोलाई घासून पॉलिशच हवी.

एवढं सगळं असून बाहेर दुरुस्तीला जाणाऱ्या रोलरच्या ऑर्डरवर व्यास लिहिलेला असतो, दर लिहिलेला असतो, फिनिश लिहिलेली नसते. रोलर परत आला की चकाकतो म्हणून पास होतो. मी हट्टानं लिहून घ्यायला लावायचो: जर्नल ०.८ मायक्रॉनच्या आत, गोलाईवर हत्याराची रेघ नको, उचलताना जर्नलला तारेचा दोर लावायचा नाही, पट्टा लावायचा, आणि पाठवताना ग्रीस लावून गोणपाट गुंडाळायचं. खरेदी विभागातले म्हणायचे, याचे पैसे वाढतील. वाढायचेच, पण ऐन हंगामात मिल थांबली की जे जातं त्यापुढं ते काहीच नसायचे.