शून्य दाखवणारी माझी बहीण

ग्वाल्हेर स्टेशनवर उतरले तेव्हा मामा न्यायला आले होते. रिक्षात बसताच म्हणाले, "बहिणीला जरा समजाव. दोन वर्षं पर्यटनात एमबीए करायचं आणि शेवटी काय, लोकांना किल्लाच दाखवायचा ना? त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे म्हणावं."

मामा बँकेतून निवृत्त झालेत. घर लष्कर भागात. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी इथे पडली आणि तिचंच पुढे शहर झालं. म्हणून इथल्या गल्ल्यांमध्ये आजही मराठी कानावर पडतं. १९८३ साली स्थापन झालेल्या भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेचं मुख्यालयही याच शहरात आहे. मामेबहीण शहरातल्याच एका कॉलेजात शिकते.

त्या सत्रात तिला एक प्रकल्प होता. सहा जणांच्या गटाने एक हेरिटेज वॉक तयार करायचा, पैसे देणारे खरे पाहुणे आणायचे, त्यांना फिरवायचं आणि शेवटी पैशांचा हिशेब द्यायचा. वॉक रविवारी होता. मामा येणार नव्हतेच, पण मामींनी त्यांचंही नाव लिहून टाकलं.

मामी दमल्या आणि यादी बदलली

"ताई, आधी आम्ही अकरा ठिकाणं घेतली होती," बहीण सांगत होती. मानमंदिर, तेली का मंदिर, सास-बहू मंदिर, तानसेनची समाधी, जयविलास राजवाडा, सगळं तीन तासांत! सरांनी यादी खोडली नाही. फक्त एक अट घातली. सरावाच्या दिवशी साठीपुढचं एक माणूस आणि एक लहान मूल सोबत हवं.

बहिणीने मामींना नेलं. ग्वाल्हेर दरवाजाकडून चढ उभा आहे आणि पायीच जावं लागतं. दुसऱ्या वळणावर मामींचे गुडघे बोलू लागले. पाणी संपलं. स्वच्छतागृह कुठे आहे, हे सहापैकी एकालाही सांगता येईना. लहानग्याने तर घरी जायचा हट्टच धरला.

त्यानंतर हे सहा जण घड्याळ आणि वही घेऊन चार वेळा तो चढ चढले. सावली किती वाजेपर्यंत असते, बसायला कट्टा कुठे, पाणी कुठे, सगळं लिहून काढलं. अकराची तीन ठिकाणं झाली. ज्यांना चढ जमत नाही त्यांना गाडीने उरवाई दरवाजातून न्यायचं ठरलं. त्या वाटेवर कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती दिसतात. दोन्ही गट मानमंदिरापाशी भेटणार होते.

"शून्य कुठे आहे?"

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही बारा जण निघालो. मामी गाडीने गेल्या, मामा आमच्यासोबत पायी. राजा मानसिंह तोमरने राणीसाठी बांधलेला गुजरी महाल बाहेरून पाहिला आणि चढ सुरू झाला.

वाटेत एकाच खडकातून कोरलेलं लहानसं चतुर्भुज मंदिर आहे. आतल्या भिंतीवर इ.स. ८७६चा शिलालेख आहे. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बागेची, देवाला रोज द्यायच्या ५० हारांची त्यात नोंद आहे. २७० आणि ५० या आकड्यांमधलं शून्य आजच्यासारखंच गोल आहे.

आत जागा कमी, म्हणून बहीण चार-चार जणांनाच आत नेत होती. एका लहान मुलाने विचारलं, "पण शून्य कुठे आहे? मला दिसत नाही."

तिने पिशवीतून एक मोठं कार्ड काढलं. त्यावर तेच आकडे ठळक काढलेले होते. "आधी इथे बघ. आता भिंतीवर असंच शोध." मुलाने शोधलं आणि ओरडला, "सापडलं!"

सरावाच्या दिवशी ते शून्य कुणालाच दिसलं नव्हतं. कार्ड तेव्हापासून आलं. वर्गात बसून ही गोष्ट सुचली नसती.

मामा मात्र बराच वेळ भिंतीपाशी उभे होते. जन्म ग्वाल्हेरचा, आयुष्य आकड्यांमध्ये गेलं, पण हे शून्य त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तुम्ही जाल तेव्हा

ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. पायी चढायचं असेल तर सकाळी लवकर निघा. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर उरवाई दरवाजाची वाट धरा. आणि एका दिवसात सगळं पाहायचा हट्ट सोडा.

वर मानमंदिराच्या निळ्या फरशांसमोर मामी आमची वाटच पाहत होत्या. बहीण वही उघडून हिशेब लिहू लागली. मामांनी खिशातून दोघांचे तीनशे रुपये काढले.

"बाबा, तुमच्याकडून कसले पैसे?"

"पाहुण्यांकडून घेतेस ना? मग घे," मामा म्हणाले. "आणि पावती दे. हिशेबात चूक नको."