झेंडा आधी कापड असतो

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, 'कला आणि राजकारण'. मी धारवाडची, म्हणून ओघानेच त्यांनी भीमसेन, गंगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर ही नावं घेतली. पुण्यामुंबईच्या माणसाला धारवाड म्हटलं की ख्यालच आठवतो, आणि त्यात वावगं काही नाही. पण माझं आयुष्य गेलं ते सुतात आणि रंगात. कापडाची तपासणी हा माझा विषय. तो मी शिकवला, आणि आज निवृत्तीनंतरही लोक पिशवीतून कापडाचे तुकडे घेऊन माझ्याकडे येतात. तेव्हा मला गाण्यावर लिहिता येणार नाही. हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत कला आणि राजकारण यांची जी गाठ मला सर्वांत घट्ट वाटते, ती हुबळीच्या बेंगेरी भागात शिवणयंत्रावर बसते. तिथे राष्ट्रध्वज तयार होतो.

तो बनवणारी कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ ही संस्था 1 नोव्हेंबर 1957 रोजी स्थापन झाली, कन्नड भाषकांचं राज्य होऊन बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्रासह राष्ट्रध्वज बनवणारी ती कितीतरी वर्षं देशातली एकमेव संस्था होती. ध्वजाचं कापड येतं बागलकोटजवळच्या तुळसीगेरीहून. तुळसीगेरीच्याही आधीपासून हे काम आमच्या धारवाड तालुक्यातल्या गरगच्या मागांवर होत आलं आहे. सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, शिवणाऱ्या बहुतेक बायका. माझ्या ओळखीतल्या सुशिक्षित माणसांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. शंभर मैलांवरचा गवई त्यांना माहीत असतो, पण दहा कोसांवरची विणकरीण माहीत नसते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ध्वजाचं मानक म्हणजे काय ते थोडं सांगते. स्वतंत्र भारताने वस्तूंची मानकं ठरवायला घेतली तेव्हा पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाला दिला. 1951 साली ते निघालं, 1964 मध्ये मेट्रिक मापांत आलं आणि 1968 मध्ये पुन्हा सुधारलं गेलं. त्यात नऊ आकार आहेत. सर्वांत मोठा 6300 गुणिले 4200 मिलिमीटर, सर्वांत लहान, टेबलावरचा, 150 गुणिले 100. चक्राचा व्यासही प्रत्येक आकाराला ठरलेला: मोठ्यात 1295 मिलिमीटर, लहानात 25. खादी दोन प्रकारची लागते. तीन पट्ट्यांसाठी बंटिंग, आणि काठीच्या बाजूला दोरी घालायच्या जाड पट्टीसाठी डक. ही डकची वीण अवघड असते आणि ती जमणारे विणकर फार थोडे उरले आहेत. कापड धुऊन तीन वाटे करतात, केशरी आणि हिरवा वेगवेगळा रंगवतात, मग चक्र दोन्ही बाजूंनी छापतात. दोन्हीकडचे चोवीस आरे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. उन्हात झेंडा धरला आणि मागच्या आऱ्याची सावली पुढच्याच्या शेजारी दिसली तर तो बाद.

दर ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत छापून येतं की ध्वजाच्या कापडाचं वजन चौरस फुटाला 205 ग्रॅम असावं लागतं. गुणाकार करून पाहावा. चौरस मीटरला सव्वादोन किलो होतात. त्या हिशेबाने सर्वांत मोठा झेंडा 58 किलोंचा होईल, तो कुठल्याही वाऱ्याने हलणार नाही. 205 हा आकडा चौरस मीटरलाच शोभतो. मी पत्रं लिहिली, तरी पुढच्या वर्षी तोच चौरस फूट छापून येतो. राष्ट्रध्वजावर लिहिणाऱ्याला कापड हातात घेऊन पाहावंसं वाटत नाही, हे मला खुपतं.

त्याहून खुपतो रंग. इथे मला थोडं खोलात जाऊ द्या, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. मानकात रंग शब्दांत सांगितलेला नाही, आकड्यांत बांधला आहे. प्रत्येक रंगाला छटेचे दोन आकडे आणि उजळपणाचा एक. केशरीचे 0.538 आणि 0.360, उजळपणा 21.5. पांढऱ्याचा उजळपणा 72.6. हिरव्याचा फक्त 8.9. म्हणजे कापडावर पडलेल्या उजेडापैकी दहावा हिस्साही हिरवा परत देत नाही, इतका तो गर्द आहे. संविधान सभेच्या 22 जुलै 1947 च्या ठरावातही केशरी आणि हिरवा दोन्ही गडदच मागितले होते. आता संगणकावर तिरंग्याचे म्हणून जे रंगांचे क्रमांक सर्वत्र फिरतात, त्यांचा हिशेब मी मांडला. केशरीचा उजळपणा 44 च्या पुढे जातो, हिरव्याचा 18 च्या आसपास. म्हणजे दोन्ही दुप्पट. पडद्याचा पांढरा जास्त उजळ असतो, हे धरून त्या तुलनेत मोजलं तरी दीडपट. शिवाय केशरी पिवळ्याकडे झुकतो. बॅनर, टोप्या, गालांवरचे पट्टे, सगळं या उजळ रंगांत होतं. मग बेंगेरीचा खरा झेंडा समोर आला की लोक म्हणतात, हा जुनाट दिसतो, रंग मळका आहे. एका शाळेच्या समितीने तर याच कारणावरून माझ्यासमोर तो नाकारला. रंग बरोबर होता, त्यांच्या डोळ्यांची सवय बदलली होती. निवडणुकीच्या पताका ज्या नारिंगीत रंगतात त्याच नारिंगीत राष्ट्रध्वज पाहायची सवय एका पिढीला लागली, तर मला ती निव्वळ रंगशास्त्रातली बाब वाटत नाही.

पण कापड खादीचंच का? या प्रश्नाला उत्तर द्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. 1921 साली पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. त्यावर चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची, आणि पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला लावला. आजचा झेंडा एका माणसाने एका बैठकीत काढला असं शाळेत सांगतात, ते खरं नाही. 1931 मध्ये काँग्रेसने रंग आणि त्यांचा क्रम बदलला आणि त्यांना धर्माशी जोडायचं नाही असंही ठरवलं. 1947 मध्ये चरख्याच्या जागी सारनाथचं चक्र आलं.

आमच्या भागाचा वाटा यात मोठा आहे. 1923 च्या मे महिन्यात नागपूरला झेंडा सत्याग्रह सुरू झाला. हातात झेंडा धरून सिव्हिल लाइन्सकडे चालत जाणं एवढाच गुन्हा, आणि त्यासाठी देशभरातले लोक तुरुंगात गेले. त्यांत हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांचं पथक होतं. तुरुंगातल्या हालांपुढे या मंडळींनी माफी मागितली नाही. त्याच वर्षअखेरीस काकीनाडा काँग्रेसमध्ये हर्डीकरांच्या पुढाकाराने हिंदुस्थानी सेवा दल उभं राहिलं, आणि ध्वजवंदनाची शिस्त या दलाने गावोगाव रुजवली. त्याच काकीनाड्याला अध्यक्ष मौलाना महंमद अलींचा आक्षेप असताना पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 'वंदे मातरम्' पूर्ण गायलं. पुढच्या वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेस भरली, तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत लहानगी गंगूबाई होती. संपादकांना हवं असलेलं संगीत इथे आलं. काकीनाड्याला गाण्यावरून वाद झाला, पण झेंड्याचं कापड हाताने कातलेलं असलं पाहिजे हा चळवळीचा आग्रह होता. परदेशी कापड जाळणाऱ्यांचा झेंडा मँचेस्टरचा असता तर त्या चळवळीला काय अर्थ राहिला असता?

1947 चा ठराव मी माझ्या विद्यार्थिनींना दरवर्षी वाचायला लावत असे. त्यात रंग आहेत, लांबी-रुंदीचं प्रमाण आहे, चक्र आहे. कापडाचा उल्लेख नाही. पण मधलं चक्र चरख्याचं प्रतीक म्हणून असेल, असं त्या ठरावातच म्हटलं आहे, आणि नेहरूंनी सभागृहात दाखवायला आणलेले दोन्ही झेंडे खादीचे होते, एक रेशमी, एक सुती. सभागृहाने जे गृहीत धरलं ते पुढे मानकाने लिहून काढलं.

30 डिसेंबर 2021 च्या आदेशाने ध्वजसंहिता बदलली. हातकताई-हातविणाईच्या जोडीला यंत्रावरचं कापड आलं, सूत, लोकर, रेशीम, खादीच्या जोडीला पॉलिएस्टर आलं. मग 2022 च्या ऑगस्टमध्ये घरोघरी झेंडा लावायची 'हर घर तिरंगा' मोहीम आली. त्या आधीच्याच महिन्यात बेंगेरीची माणसं निषेधाला बसली होती, आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही जीएसटी माफ असल्याचं जाहीर झालं. खादीची मागणी घसरली. माझ्या ओळखीच्या दोन विणकरणींनी माग सोडला आणि हुबळीतल्या कपड्यांच्या दुकानात कामाला लागल्या.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. एवढ्या घरांना पुरतील इतके झेंडे हातमागावर झालेच नसते. खादीचा झेंडा महाग पडतो, आणि गरिबाच्या दारावर झेंडा लागू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणखी एक गोष्ट खादीवाल्यांना बोलायला आवडत नाही. चरख्यावर जे पेळू कातले जातात ते आता चित्रदुर्गच्या खादी आयोगाच्या कारखान्यात यंत्रावर तयार होतात. खादी तिच्या पहिल्याच पायरीवर यंत्राला भेटते. हे आठवलं की माझा आवाज थोडा खाली येतो. तरीही त्या पेळूपासून पुढचं सगळं माणसाच्या बोटांतून जातं आणि त्याचे पैसे खेड्यातल्या घरात पोचतात. चक्र ज्याचं प्रतीक आहे ते हेच.

यंदा जुलैत एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक झेंड्यांचं खोकं घेऊन आले. कापड पॉलिएस्टर, तिन्ही रंग एकाच फटक्यात छापलेले, त्यामुळे पट्ट्यांमध्ये शिवणच नाही. लांबी-रुंदी तीनास दोन नव्हती, आणि कापड छपाईत ओढलं गेल्यामुळे चक्र लांबट झालं होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, आता सगळं चालतं. चालत नाही. 2021 चा बदल कापडापुरता आहे, प्रमाण आणि चोवीस समान अंतराचे आरे आजही बंधनकारक आहेत. त्यांनी पुढे विचारलं, फाटलेल्यांचं काय करू? संहिता म्हणते, खराब झालेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करावा. हा नियम सुती कापडासमोर बसून लिहिलेला आहे. सूत जळतं आणि राख होते. पॉलिएस्टर आधी वितळतं, काळे थेंब गळतात, ते भांड्याला आणि हाताला चिकटतात, घाण धूर होतो. मी त्यांना जाळू नका म्हटलं. अन्य सन्मानाची रीत चालते असं संहितेत आहे, पण प्लॅस्टिकसाठी ती रीत कोणती, हे कुणीच लिहिलेलं नाही. ते खोकं अजून त्यांच्या कपाटात आहे.

ज्या हुबळीत झेंडा शिवला जातो, त्याच शहराने झेंड्यावरून रक्तही पाहिलं आहे. चन्नम्मा चौकाजवळच्या ईदगाह मैदानावर तो फडकवण्याच्या वादात 15 ऑगस्ट 1994 ला गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच प्रकरणात हुबळीच्या कोर्टाने काढलेल्या वॉरंटमुळे 2004 साली उमा भारतींनी मध्य प्रदेशचं मुख्यमंत्रिपद सोडलं. आमच्या बेळगावात कन्नडिगांचा लाल-पिवळा आणि मराठी माणसांचा भगवा यांची कुरबुर तर नेहमीची, महापालिकेसमोर 2020 च्या डिसेंबरात उभारलेल्या लाल-पिवळ्याच्या खांबापर्यंत. माझं माहेर तिथलं, त्यामुळे दोन्हीकडचा राग मी घरात ऐकला आहे. पण हे बाकीचे झेंडे कुठल्याही कापडाचे चालतात. कुणी विणलं, असं विचारणारा झेंडा एकच होता. तो कुठे लावायचा यावर आपण जीव घेतले आणि तो कशाचा आहे हा प्रश्न एका आदेशात सोडून दिला.

माझी मागणी लहान आहे. घरावर कुणी काय लावावं त्यात मला पडायचं नाही. पण सरकारी इमारत, न्यायालय, अनुदानित शाळा आणि परदेशातली वकिलात यांनी मानक चिन्हाचा खादीचाच ध्वज घ्यावा, आणि पॉलिएस्टरचे झेंडे परत गोळा करायची सोय पुरवणाऱ्याकडूनच करून घ्यावी. याला संसदेत नवा कायदा लागत नाही. ध्वजसंहिता 2021 साली एका आदेशाने बदलली, ती तशीच पुन्हा बदलता येईल.