तारीख दिलीत, आता दिनदर्शिका सांगा

संपादकांचा निरोप सरळ होता. बुलढाणा जिल्ह्याचा दिनविशेष लिहून द्या, महिन्याला चार-पाच नोंदी, दोन पानांत बसेल असा. दिनविशेष म्हणजे लोकांना डाव्या हाताचा मळ वाटतो. मी कालगणनेत काम करतो. जुन्या कागदावरची तिथी, हिजरी तारीख, शुहूर किंवा फसली सन जंत्रीशी ताडून इंग्रजी तारीख काढायची, हा माझा उद्योग. बारा महिन्यांची यादी मी देणार नाही हे संपादकांना कळवलं. त्याऐवजी साखरखेर्ड्याबद्दल लिहितो, कारण ते प्रकरण २०२४ पासून डोक्यातून जात नाही.

साखरखेर्डा आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातलं. १७२४ साली इथे निजामुल्मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली. दिल्लीच्या बादशहाने दख्खनची सुभेदारी मुबारिझ खानाला दिली होती आणि निजाम ती सोडायला तयार नव्हता. मुबारिझ खान रणात पडला, आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या निजामी राजवटीचा पाया त्या दिवशी घातला गेला. विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळालं. एवढी मोठी घटना, पण शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळ मिळाली तरी नशीब.

तिला तीनशे वर्षं होणार म्हणून काही तरुण माझ्याकडे आले. कार्यक्रम करायचा होता. एका पुस्तकात ३० सप्टेंबर, दुसऱ्यात ११ ऑक्टोबर. खरी कोणती? मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "सर, फ्लेक्सवर तर एकच टाकता येईल ना!"

आता इथे थोडं किचकट होणार, पण इलाज नाही. युरोपात आधी ज्युलियन दिनदर्शिका चालायची. तिचं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं. शतकं उलटली तशी ही मिनिटं साठत गेली आणि ऋतू सरकले. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस कापले. ४ ऑक्टोबरचा गुरुवार संपला आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला. कॅथलिक देशांनी हे लवकर मानलं, इंग्रजांनी नाही. त्यांनी १७५२ मध्ये मानलं, तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. सुरतेच्या इंग्रज वखारीचे कागद जुन्या पद्धतीचे, म्हणून बहुतेक मराठी इतिहासग्रंथांत १७५२ पर्यंतच्या तारखा ज्युलियन असतात. हिजरीवरून थेट आजच्या दिनदर्शिकेत उतरणारे अभ्यासक ग्रेगोरियन लिहितात. ३० सप्टेंबरमध्ये अकरा मिळवा, ११ ऑक्टोबर येतो. दिवस एकच. अश्विन वद्य पक्ष चालू होता, आठवडाभरावर लक्ष्मीपूजन आलं होतं.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट कधी तुटली नाही, ती म्हणजे वार. म्हणून आम्हा लोकांचा भरवशाचा साक्षीदार वार, आणि त्याच्या जोडीला चंद्र.

हेच सिंदखेडराजाला लावून पाहू. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८, पौष पौर्णिमा असा धरला जातो, आणि त्या दिवशी लाखो लोक सिंदखेडराजाला येतात. ज्युलियन १२ जानेवारी १५९८ ला गुरुवार येतो आणि चंद्र पूर्ण असतो. तीच तारीख ग्रेगोरियन समजलात तर सोमवार येतो आणि आकाशात पंचमीची कोर दिसते. पौर्णिमा खरी मानायची तर तारीख ज्युलियनच, आणि आजच्या दिनदर्शिकेने तो दिवस २२ जानेवारीचा. शाळाशाळांतून जिजाऊ आणि विवेकानंद यांची जयंती एकाच हारात उरकतात. विवेकानंदांची १२ जानेवारी १८६३ ही ग्रेगोरियन. हे दोन बारा जानेवारी एका जातीचे नाहीत, हे एका सभेत बोललो, तर पुढच्या रांगेतून विचारणा झाली, "तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?" या प्रश्नाचा मला आता खरोखर कंटाळा आला आहे. आम्ही चंद्राच्या बाजूचे, दुसरं काय सांगणार?

शिवजयंतीचा वाद तर माझ्या पाचवीलाच पुजलेला. 'तारीखवाले' आणि 'तिथीवाले' जणू दोन वेगळे दिवस मागताहेत असं चित्र उभं केलं जातं. मुळात दोघांचा आधार एकच: जेधे शकावलीतली नोंद. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. ज्युलियन हिशेबाने तो दिवस १९ फेब्रुवारी १६३०. वार शुक्रवारच येतो, चंद्रही तृतीयेचाच. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातूनही हीच तिथी मिळाली. खरा वाद होता तो त्याआधीच्या वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ या बखरींतल्या तिथीशी, म्हणजे ६ एप्रिल १६२७ शी. तो अभ्यासकांपुरता मिटला आहे. ग्रेगोरियन हिशेबाने शिवजन्म १ मार्चला येतो, म्हणून उत्सव हलवा असं मी कधीही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. १९ फेब्रुवारी रूढ आहे, शासनमान्य आहे, ती राहू द्या. फक्त ती ज्युलियन आहे एवढं एका ओळीत छापायला काय हरकत आहे?

तीन वर्षांच्या फरकाने काय बिघडतं, असं हमखास विचारलं जातं. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीपुढे उभं राहून विचारा. २५ जुलै १६२९ रोजी, श्रावण पौर्णिमेला, दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात लखुजीरावांना मुलांनातवांसह कापून काढलं. चंद्र तपासला, पौर्णिमा बरोबर जुळते. शिवजन्म १६२७ चा धरला, तर आजोबा गेले तेव्हा नातू दोन वर्षांचा होता. १६३० चा धरला, तर त्या दिवसापासून शिवनेरीवरचा जन्म २०९ दिवस पुढे आहे. म्हणजे जिजाऊंना माहेर बुडाल्याची बातमी पोचली ती गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत. एका अंकाने कादंबऱ्यांची पानंच्या पानं बाद होतात. ज्यांना तारखा रूक्ष वाटतात त्यांनी हे २०९ दिवस मोजून पाहावेत.

शेगावकरांना ही कटकट नाही. गजानन महाराजांची समाधी ८ सप्टेंबर १९१०, गुरुवार, ऋषिपंचमी. तिथी, वार, तारीख सगळं एका सुतात, आणि उत्सव तिथीनेच. लोणारला तर तारीख हा प्रश्नच उद्भवत नाही. उल्का कधी आदळली याचा अंदाज आधी सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीचा होता, पुढे आर्गॉन पद्धतीने तो साडेपाच लाखांच्या वर गेला. तिथे चूक लाखांत चालते आणि कोणी मोर्चा काढत नाही. आम्ही अकरा दिवसांवरून शिव्या खातो.

साखरखेर्ड्याच्या पोरांनी काय केलं? ३० सप्टेंबर छापली. सभागृह त्याच दिवशी मोकळं होतं. खाली बारीक अक्षरांत 'जुन्या गणनेनुसार' असं टाकलं. मला तेवढं पुरलं.

आता एक विनंती, वाचकांना. देऊळगावराजा, सिंदखेडराजा, मेहकर, जळगाव जामोद या भागातल्या जुन्या घरांत अजून मोडी आणि फारसी कागद आहेत. त्यावर बॉलपेनने 'सुधारलेली' इंग्रजी तारीख लिहू नका, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. मोबाइलवर फोटो काढा, पण कडेपर्यंत, शेवटच्या ओळीसकट. मोडी पत्रात तारीख बहुधा शेवटी असते. 'छ' अक्षर, पुढे अंक, पुढे मुसलमानी महिन्याचं नाव. पाठवलेल्या फोटोंत नेमकी हीच ओळ कापलेली असते.