दुधावरची साय

मागच्या महिन्यात थोरल्या लेकाकडे शहरात चार दिवस राहून आले. शहराचं नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालं असलं तरी आमच्या पिढीच्या जिभेवर अजून औरंगाबादच येतं. सकाळी सूनबाई दुधाचं पातेलं पुढं धरून म्हणाली, "आई, पिशवीच्या दुधाला साय का हो धरत नाही? तुमच्याकडं तर भाकरीएवढी निघते."

मी तिला कारण सांगितलं. पण सांगता सांगता मला चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणापुढं बोलले नव्हते. ज्याच्यामुळं ती घडली तो माझा लेक शेजारीच बसून चहा पीत होता, त्यालाही ठाऊक नव्हती. आज तुम्हा बहिणींना सांगते.

१९८१ साली लग्न होऊन मी फुलंब्रीजवळच्या आमच्या गावी आले. घरी दोन म्हशी नि एक गाय. दूधदुभत्याचा सगळा कारभार आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हातात. संध्याकाळच्या धारा झाल्या की त्या दूध फडक्यातून गाळायच्या आणि रुंद तोंडाच्या, कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात ओतायच्या. चुलीवर एक उकळी आली की जळती लाकडं मागं ओढायच्या नि पातेलं वैलावर सरकवायच्या. वैलाखाली नुसते निखारे, वरून थोडी राख. मग दीड-दोन तास त्या दुधाला हात लावायचा नाही, ढवळायचं नाही. दूध उकळायचं नाही, नुसतं वरून थरथरल्यासारखं व्हायचं. त्यावर झाकण म्हणून पिठाची चाळणी. मी एकदा ताटली झाकली, तर त्या म्हणाल्या, "अगं, ताटलीला घाम येतो. तो घाम थेंबाथेंबानं खाली पडला की साय फाटती. दुधाला श्वास घेऊ द्यावा."

जेवणं उरकल्यावर पातेलं न हिंदकळता उचलून गार पाण्याच्या परातीत ठेवायचं. सकाळी कडेनं उलथन्याचं टोक फिरवलं की साय घडी घालावी तशी एका तुकड्यात निघायची. वरून जराशी पिवळसर, सुरकुतलेली, आणि खालून ओली, जाड, दाणेदार.

पुढं एकदा गावात कृषी विद्यापीठाचे लोक मेळाव्याला आले होते. त्यांच्या तोंडून यातलं शास्त्र कळलं. दुधातला स्निग्धांश म्हणजे बारीक बारीक गोळ्या. त्या पाण्याहून हलक्या, म्हणून हळूहळू वर येतात. तापलेल्या दुधाच्या वरच्या अंगाला वाफ निघून जाते, तिथली प्रथिनं वाळून त्यांचा पापुद्रा होतो, आणि वर आलेल्या गोळ्या त्या पापुद्र्यात अडकतात. गाईच्या दुधात स्निग्धांश शेकडा चारच्या आसपास, म्हशीच्या दुधात सातच्या आसपास, आणि म्हशीच्या दुधातल्या गोळ्या मोठ्याही असतात. म्हणून म्हशीची साय जाड. मंद आच, रुंद भांडं आणि रात्रभराचा गारवा ही आत्याबाईंची तिन्ही कलमं शास्त्राला धरूनच होती.

सायीचा हिशेबही ठरलेला होता. चार दिवसांची साय साठवून विरजण लावायचं, पाचव्या दिवशी रवीनं घुसळून लोणी काढायचं, कढवून तूप करायचं. थोडं तूप सणाला नि नणंदेच्या बाळंतपणाला. बाकीचं मामा, म्हणजे माझे सासरे, शहागंजात नेऊन विकत. पण रोजच्या सायीतला एक पदर घरातल्या लहान लेकराच्या वाटणीचा. बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर साय नि गुळाचा खडा. आत्याबाई म्हणायच्या, "लेक म्हंजी दूध, नातू म्हंजी दुधावरची साय. सायीला साय द्यावी."

१९८३ साली माझा थोरला झाला. पुढच्याच वर्षी गावात दूध डेअरी आली. देशात १९७० पासून दुग्धमहापूर योजना चालू होती. तिचं वारं आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखात पोचायला वेळ लागला, पण पोचल्यावर चांगलंच झालं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायकांच्या हातात दहा-दहा दिवसांनी दुधाचे रोख पैसे येऊ लागले. आणि घरोघर एक नवा शब्द आला, 'फॅट'. आज फॅट किती लागली, यावर दिवस चांगला की वाईट ते ठरू लागलं.

त्याच साली मामांनी विहिरीवर इंजन बसवलं. कर्जाचा हप्ता डोक्यावर आला. तोवर सकाळचं दूध डेअरीला नि संध्याकाळचं घरात अशी वाटणी होती. मामांनी सांगितलं, "दोन्ही वेळचं दूध डेअरीला जाईल. दोन वर्षं कळ काढा." संध्याकाळचं संकलन गावात नव्हतं. थंडीचे दिवस, म्हणून संध्याकाळचं दूध न तापवता गार पाण्यात ठेवायचं आणि सकाळच्या दुधात मिसळून घालायचं, असं ठरलं. वैलावरचं पितळी पातेलं उतरंडीवर गेलं. दोन दुभत्या म्हशी दावणीला असताना घरात कोरा चहा आला.

मोठ्या माणसांचं भागून जातं. माझं लेकरू मात्र दीड वर्षाचं, नुकतंच अंगावरून तोडलेलं. त्याच्या वाटणीला वाटीभर दूध ठेवलं होतं, पण त्याचे हातपाय काडीसारखे होऊ लागले. भाकरी दुधात कुस्करून दिली तर तोंड फिरवायचं नि वैलाकडं बोट दाखवायचं. त्याला साय हवी होती.

पहाटे घागर मिसळायच्या वेळी माझ्या ध्यानात आलं की रात्रभर गार राहिलेल्या दुधावर जाड थर आलेला असतो. एक दिवस मी पळीनं तो थर हळूच वाटीत काढला नि साखर घालून लेकराला चाटवला. ते असं मिटक्या मारत खाऊ लागलं की मला दुसऱ्या दिवशी थांबवलं नाही. मग रोजच सुरू झालं. मनात म्हणायची, पाणी तर घालत नाही ना! आपल्याच म्हशीचं दूध, आपलंच लेकरू.

आठवडाभरात फॅट सातावरून साडेपाचवर आली, नंतर पाचवर. मामा माळकरी माणूस. दरसाल नाथषष्ठीला पैठणला पायी जाणारे. दुधात थेंबभर पाणी घालायचं त्यांच्या मनातही येणार नाही. डेअरीवर चारचौघांत त्यांना सुनावलं गेलं. दूध घेणाऱ्यानं लॅक्टोमीटर दुधात सोडला. बहिणींनो, यातली खुबी अशी, की पाणी घातलेल्या दुधात त्याचं माप खाली येतं, आणि साय काढलेल्या दुधात उलट वर जातं, कारण हलका भाग निघून गेलेला असतो. फॅट कमी आणि लॅक्टोमीटर मात्र चढा! तो माणूस म्हणाला, "पाणी नाही, बुवा. पण वरची साय निघतीय."

मामा म्हणाले, "माझ्या घरात चोरून साय काढणारं कुणी न्हाई. तुमचं यंत्र तपासा."

हे मला दिराकडून कळलं. मामा घरी आले, किटली टेकवली आणि न जेवता शेतावर निघून गेले. मी चुलीपुढं बसले होते. भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही. माझ्या वाटीभर सायीनं त्या माणसाला चारचौघांत खोटं बोलायला लावलं होतं, आणि आपण खोटं बोललो हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

रात्री आत्याबाईंचे पाय चेपताना मी सगळं सांगितलं. वाटलं, आता माहेरचा उद्धार होणार. त्या उठून बसल्या. पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "कच्ची साय देत्यात का गं लेकराला? पोट बिघडलं असतं म्हंजी?" मग बराच वेळ गप्प राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सकाळी तू सोता त्यांना सांग. मी सांगितलं तर ते मला बोलतील नि गोष्ट घरातच मुरंल. तुझ्या तोंडून जाऊ दे."

तेव्हा सासऱ्यापुढं उभं राहून बोलायची रीत नव्हती. पहाटे मामा किटली घेऊन निघाले तेव्हा मी दाराआड उभी राहिले, पदर तोंडाशी धरला नि म्हटलं, "मामा, साय मी काढत होते. लेकरासाठी." पुढं शब्द फुटेना. मामा दोन पावलं थांबले. काही बोलले नाहीत. डोक्याचा रुमाल नीट केला आणि निघून गेले.

डेअरीवर काय झालं ते शेजारच्या काकींनी सांगितलं. रांग लागलेली असताना मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काल मी तुमच्या यंत्राला नाव ठेवलं. यंत्र खरं होतं. साय माझ्याच घरात निघत होती. मला ठाऊक नव्हतं, आता झालंय." एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही, सुनेचंही नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंना म्हणाले, "ते पितळी पातेलं खाली काढ. संध्याकाळचं दूध आजपासून घरात. हप्ता दोन वर्षांत न्हाई फिटला तर तीन वर्षांत फिटंल. नातवाच्या तोंडची साय विकून मला इंजन फेडायचं न्हाई."

हप्ता खरोखरच तीन वर्षांनी फिटला. मामांनी मला त्या गोष्टीवरून उभ्या आयुष्यात एक शब्द बोलून दाखवला नाही. आता मामाही नाहीत नि आत्याबाईही नाहीत. पातेलं आहे.

सूनबाईला मी पिशवीच्या दुधाचं कारण सांगितलं ते असं. 'टोन्ड' दुधात स्निग्धांश शेकडा तीनच ठेवलेला असतो, 'फुल क्रीम' म्हणतात त्यात सहा. त्यात काही पिशव्यांवर 'होमोजिनाइज्ड' लिहिलेलं असतं. म्हणजे स्निग्धांशाच्या गोळ्या यंत्रात दाबून इतक्या बारीक केलेल्या असतात की त्या वर येतच नाहीत. तशा दुधाला कितीही तापवा, पातळ पापुद्र्यापलीकडं काही धरत नाही. साय हवी तर होमोजिनाइज्ड नसलेलं फुल क्रीम दूध आण, नाही तर गवळ्याकडून म्हशीचं घे.

नातवानं मोबाइलवर शोधून दाखवलं, की विलायतेत कॉर्नवॉल नि डेव्हन भागांत आपल्यासारखीच साय करतात. दूध किंवा त्यावरची मलई पसरट भांड्यात मंद तापवून, न हलवता निववून. कॉर्नवॉलच्या सायीला १९९८ साली युरोपात नावाचं संरक्षण मिळालं, आणि तिच्यात शेकडा ५५ तरी स्निग्धांश असावा लागतो. तुर्कस्तानात तिला कायमक म्हणतात, अफ्योनची म्हशीच्या दुधाची कायमक तिकडं नावाजलेली. आत्याबाईंनी फुलंब्रीचा बाजार नि पैठणची वारी सोडून जग पाहिलं नाही, पण जगभरच्या आयाबाया त्यांच्यासारखंच करत होत्या!

गॅसवर करायची तर रीत सांगते. म्हशीचं दोन लिटर दूध रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात एकदा पुरतं उकळू द्या. कच्च्या दुधातून क्षयासारखे रोग लेकरांना होऊ शकतात, तेव्हा मी केली ती चूक कुणी करू नका. मग गॅस अगदी बारीक करा, खाली जुना तवा ठेवा, वर चाळणी झाका आणि तासभर ढवळू नका. उतरवून गार पाण्यात ठेवा, निवल्यावर रात्रभर शीतकपाटात. दोन लिटरमध्ये १४० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. सगळा काही सायीत येत नाही, खालचं दूधही चहाला नि दह्याला चांगलं राहतं. तुपासाठी साय साठवायची तर आठवड्याच्या वर ठेवू नका, कडवट वास येतो. घुसळताना उन्हाळ्यात गार पाणी घाला, थंडीत कोमट, म्हणजे लोणी लवकर सुटतं.

मी हे सांगत होते तेव्हा लेकानं विचारलं, "आई, माझ्यासाठी आजोबांना असं ऐकावं लागलं?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही, माझ्या लपवण्यासाठी. उघड मागितली असती तर त्यांनी पहिल्याच दिवशी पातेलं काढून दिलं असतं."

बहिणींनो, डेअरीला दूध जरूर घाला. त्या पैशावर आपली पोरं शिकली, लेकींची लग्नं झाली. पण घरात जेवढी तोंडं आहेत तेवढं दूध आधी बाजूला काढा आणि मग किटली भरा. ते उघड काढा, सगळ्यांना सांगून काढा. आणि लेकराला साय द्यावीशी वाटली, तर पळीनं चोरून देऊ नका. वैलावर पातेलं ठेवा.