कामाला पोरं, ठरवायला थोर

झाशीच्या सिविल लाइंसमध्ये इलाइट चौराह्यावर संध्याकाळी तरुण मुलामुलींची वर्दळ असते. कुठला दिवा बंद आहे, कुठल्या गल्लीत पाणी कधी येतं, हे त्यांना तोंडपाठ. आपल्याकडे स्वच्छता फेरी, वृक्षारोपण, मतदार जागृती असलं काही निघालं की आधी याच वयाला हाक जाते. दिवा कुठे लावायचा, हे ठरवताना मात्र कुणी त्यांना विचारत नाही.

आणि हे झाशीत! झाशीचे राजे गंगाधरराव 21 नोव्हेंबर 1853 रोजी गेले, तेव्हा 1828 हे जन्मसाल धरलं तर त्यांच्या राणी लक्ष्मीबाई पंचविशीत होत्या. काही अभ्यासक त्यांना त्याहून लहान मानतात. जून 1857 च्या उठावापासून इंग्रजांनी शहर परत घेईपर्यंत कारभार त्यांच्याच हाती होता. त्या काळात झाशीत आलेल्या विष्णुभट गोडसे यांनी तो प्रत्यक्ष पाहिला आणि ‘माझा प्रवास’ या पुस्तकात लिहून ठेवला.

आजचा कायदा तरुणांना दार उघडून देतो, पण अर्धवट. 1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. 1 जून 1993 पासून लागू झालेल्या 74व्या घटनादुरुस्तीमुळे एकविसाव्या वर्षी नगरसेवक होता येतं. उत्तर प्रदेशात महापौर व्हायला मात्र तिशी गाठावी लागते. देवेंद्र फडणवीस 1997 मध्ये नागपूरचे महापौर झाले ते तिशीच्या आत; झाशीत त्या वयात त्यांना उभंही राहता आलं नसतं. तिरुवनंतपुरमने डिसेंबर 2020 मध्ये एकवीस वर्षांच्या आर्या राजेंद्रन यांना महापौर केलं.

पण निवडून येणारे असे किती असणार? बाकीच्यांचं काय, हा खरा प्रश्न. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या हव्यात, असं संविधान सांगतं. झाशीची लोकसंख्या 2011 मध्येच पाच लाखांवर गेली होती. अशा समितीच्या बैठकीत वस्तीतल्या कॉलेजच्या मुलांना बोलायची हक्काची जागा असली, तर गटाराचा उतार चुकलाय हे कंत्राट निघण्याआधीच कळेल.

पुण्याने 2006-07 पासून एक वाट दाखवली. महापालिका नागरिकांकडून अर्ज मागवते: कुठे पदपथ हवा, कुठे बाक, कुठे बसथांबा. छोटी, पाच लाखांच्या आतली कामं. अर्ज साधा, पण तो भरताना माणूस आपला रस्ता पुन्हा एकदा नीट पाहतो. खर्चाचा अंदाज मनात मांडतो. शिकावं ते इथे. मात्र त्याच पुण्यात मार्च 2022 नंतर निवडणूकच न झाल्याने तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता. त्या वर्षी अठरा पूर्ण केलेल्या मुलीला अर्ज भरता येत होता, पण कामाचा पाठपुरावा करायला नगरसेवकच नव्हता. हे फार चुकीचं झालं. मत देण्याची सवय लागते ती पहिल्या दोन-तीन निवडणुकांतच. झाशीकरांनी निदान मे 2023 मध्ये आपली महापालिका निवडली.

अमेरिकेतल्या बॉस्टनने 2014 मध्ये याहून मोठं धाडस केलं. दहा लाख डॉलर बाजूला काढले आणि ते कशावर खर्चायचे, याचं मत 12 ते 25 वयाच्या मुलांकडे दिलं. त्यांनी उद्यानाची दुरुस्ती निवडली, शाळांसाठी लॅपटॉप निवडले. झाशीला इतके पैसे नकोत. साठ वॉर्डांपैकी सिविल लाइंसच्या वॉर्डातली एका पदपथाएवढी रक्कम घ्यावी, कामांची यादी अठराच्या आतल्यांनीही करावी, बुंदेलखंड विद्यापीठातल्या मुलांनी मोजमाप करून खर्च काढावा, आणि मतपेटी महापालिकेने ठेवावी.